नवी कोरी कवळी

सूतगिरणीच्या संगणक विभागाचे धोंडेसाहेब नव्याचे भलते भक्त. त्यांनी हट्टाने यंत्रं चालवणाऱ्या, जुन्या भाषेतल्या प्रोग्रामला यंदाचा कंपायलर, म्हणजे प्रोग्राम यंत्राच्या भाषेत उतरवणारं सॉफ्टवेअर, लावायला लावला आणि सगळी यंत्रं ठप्प झाली. खापर मात्र प्रोग्रामर मंदाकिनीच्या माथी!

"संध्याकाळपर्यंत प्रोग्राम याच कंपायलरवर चालव, नाहीतर उद्यापासून घरी बस. सगळ्यात नवा आहे तो!"

मंदाकिनी कोपऱ्यावरच्या दातांच्या डॉक्टरकडे गेली आणि एक डबी घेऊन आली.

"साहेब, तुमची कवळी दहा वर्षं जुनी. ही आज सकाळीच तयार झालीय, घाला."

"अगं, कुणाच्या मापाची ही? माझ्या जबड्यात बसेल कशी?"

"पण सगळ्यात नवी आहे, साहेब!"

साहेबांनी ओरडायला तोंड उघडलं आणि आपली जुनी कवळी सांभाळत मिटलं.

"घाल बाई, जुनाच कंपायलर घाल."