सुभेदार नाळेवर बसले

पहिला मान आपलाच, म्हणून सुभेदार थेट नाळेवर, होडीच्या पुढच्या टोकाला जाऊन बसले. होडी धक्क्यावरून सुटली आणि समोर वल्हेकऱ्यांच्या पाठी दिसताच ते भडकले. "आम्हाला पाठ करता? तोंडं इकडे फिरवा, नाहीतर चाबूक खाल!"

वल्हेकऱ्यांच्या म्होरक्याच्या, पोशा तांडेलाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण तो मुकाट वळला, तसे बाकीचेही वळले. सगळ्यांनी जोर लावून वल्ही ओढली आणि होडी उलटी येऊन पुन्हा धक्क्याला लागली.

"हे काय रे?"

पोशाने मान खाली घातली नाही. "सरकार, होडी वल्हेकऱ्याच्या पाठीकडेच चालते. पुढे बसायचं तर आमच्या पाठी बघा. तोंडं बघायची तर मागे सुकाणूपाशी बसा!"

पैलतीरी सुभेदार सगळ्यांत शेवटी उतरले.