खो मिळण्याआधी

"मग कधी, मास्तर?"

मगदूम मास्तर मैदानावर फक्की मारत होते. पांढरी रेघ खांबापर्यंत नेल्याशिवाय ते कुणाला उत्तर देत नसत, हे साऱ्या गावाला ठाऊक. दीपश्रीलाही ठाऊक. तरी तिने पुन्हा विचारलं.

"कधी?"

रेघ खांबाला टेकली. मास्तर उजव्या पायावर भार देत सावकाश सरळ झाले. त्यांचा डावा पाय गुडघ्यात पुरता वाकत नसे. कुणी म्हणे मोटारसायकलवरून पडले, कुणी म्हणे चिंचेवरून. चाळीस वर्षांत तोंडावर कुणी विचारलं नव्हतं.

"दुखतंय?"

"नाही. महिना झाला, अजिबात नाही."

"सूज?"

"नाही."

"मग आता जप," मास्तर म्हणाले.

दीपश्री आवटी बावीस वर्षांची. खो-खोत तिच्याइतका वेळ हाती न लागणारी जिल्ह्यात दुसरी नव्हती, आणि हे तिला जरा जास्तच माहीत होतं. चार महिन्यांपूर्वी एका सामन्यात तिने खांबाजवळ हूल दिली. पाऊल जमिनीत रुतलं, अंग वळलं, उजवा गुडघा आत पडला. टक् असा आवाज झाला. पाठलाग करणारी अजून दोन हात लांब होती. कुणाचा धक्कासुद्धा लागला नव्हता, याचंच तिला अजून वाईट वाटे.

गुडघ्यातलं लिगामेंट तुटलं होतं. ऑपरेशन झालं. आता राज्याच्या संघाची निवड चाचणी तीन आठवड्यांवर आली होती. अर्जावर मास्तरांची सही लागत होती. अर्ज तिच्या हातात होता.

"डॉक्टर किती म्हणाले?"

"नऊ महिने. निदान."

"का?"

"सांगितलंय की तुम्हाला."

"परत सांग. म्हातारा माणूस, विसरतो."

मास्तर काही विसरत नसत. पण दीपश्रीने शाळेतला धडा म्हणावा तसं म्हणून दाखवलं. मांडीच्या मागची एक दोरी काढली. हाडांना भोकं पाडून ती गुडघ्यात ओवली. नडगीचं हाड पुढे सरकू द्यायचं नाही, वळताना पिळू द्यायचं नाही, एवढं त्या दोरीचं काम.

"मग लागली की कामाला."

"नाही. ती आधी मरते."

"...मरते?"

"रक्त तिच्यात हळूहळू शिरतं. शरीर ती जुनी दोरी विरघळवतं आणि तिच्याच जागी नवी विणतं. मधल्या दिवसांत ती सगळ्यात कच्ची असते."

"मधले दिवस म्हणजे कुठले?"

दीपश्रीने बोटांवर महिने मोजले.

"हेच," ती म्हणाली.

"आणि बसवली त्या दिवशी?"

"त्या दिवशी आजच्यापेक्षा पक्की होती."

"दुखत कधी होतं?"

"...तेव्हा."

मास्तरांनी फक्कीचा डबा खाली ठेवला.

"पण ते सगळ्यांसाठी सांगतात, मास्तर. पुस्तकातलं. माझा पाय मला कळतो."

"कळतो? बरं. डाव्या पायावर उभी राहा. डोळे मीट."

ती उभी राहिली. मास्तरांनी डब्यात नवी फक्की भरली, हात झटकले, चष्मा पुसला. ती हललीही नाही.

"आता उजव्यावर."

तिने पाय बदलला, डोळे मिटले. एक, दोन, तीन... चारला घोटा थरथरला आणि दुसरा पाय खाली आला.

"खडा होता," ती म्हणाली.

"मग जागा बदल."

तिने जागा बदलली. या वेळी तीनच.

तिचा चेहरा उतरला. पायाकडे बघत ती हळूच म्हणाली, "जुनं लिगामेंट मेंदूला कळवायचं म्हणे. गुडघा कुठं आहे, किती वाकलाय."

"आणि नवं?"

"मुकं आहे अजून."

मास्तर बोलले असते तर तिला भांडता आलं असतं.

"मास्तर, मला राहवत नाही हो." तिचा आवाज फुटला. "पाच वाजले की घरात बसून फक्कीचा वास येतो. झोपेत पाय हलतात, आई जागी होते. सगळ्या जणी पळतात आणि मी कट्ट्यावर त्यांच्या पिशव्या सांभाळते. हे वर्ष गेलं तर पुढच्या वर्षी मला कोण ओळखणार?"

मास्तरांनी हात पुढे केला. अर्ज घेतला. खांबाला टेकवून त्यावर सही केली आणि खांबाच्या बुडाशी एका दगडाखाली ठेवला.

दीपश्रीला खरंच वाटेना.

"चौथ्या चौकोनात जा," मास्तर म्हणाले. "खाली बसायचं नाही, नुसती उभी राहा. माझ्याकडं पाठ कर. खो मिळाला की चालत जा आणि अर्ज उचल."

ती जाऊन उभी राहिली. हा प्रकार काय आहे, ते तिला लगेच कळलं आणि रागही आला.

पळण्यात जितकी तयार, तितकीच ती बसण्यात कच्ची. पाठलागाच्या डावात चौकोनात बसलं की मागून येणाऱ्या पावलांनीच तिची पाठ उठायला लागे. हात पाठीला लागायचा, खो कानावर पडायचा, तोवर बाई चौकोनाबाहेर. मग पंचांची शिट्टी. संघात सगळ्यात जास्त फाऊल तिचे, आणि सगळे एकाच जातीचे.

मास्तर तिच्या मागे येऊन थांबले.

...

बाकीच्या मुली घरी गेल्या होत्या. कट्ट्यावर कुणी नव्हतं. ऊन पाण्याच्या टाकीला टेकलं होतं.

मास्तरांचा पाय मातीत सरकल्याचा आवाज झाला. ती चौकोनाबाहेर पडली.

"फाऊल."

ती मुकाट्याने परत आली.

...

किती वेळ गेला, तिला कळलं नाही. तिच्या पाठीला हात हवा होता. इतका हवा होता की दोन वेळा तो लागल्याचा भास झाला. एकदा ती पुन्हा निघाली.

"फाऊल."

"मास्तर, तुम्ही देणारच नाही आहात."

"मी कुठं म्हणालो, मी देणार?"

...

तिने डोळे पुसले. खांबाकडे बघितलं. दगडाखाली अर्जाचा कोपरा वाऱ्याने फडफडत होता. मग तिने त्याच्याकडे बघायचं सोडून दिलं. डोळे मिटले आणि कुणी न सांगता उजव्या पायावर उभी राहिली.

एक. दोन. तीन. चार. पाच...

पाय टेकला.

"पाच," ती म्हणाली.

"ऐकलं."

"उद्या सहा होतील?"

"काय माहीत."

तिने डोळे उघडले. मागून उन्हाची तिरीप येत होती आणि समोर जमिनीवर दोघांच्या लांब सावल्या पडल्या होत्या. मास्तरांची सावली एका बाजूला कललेली, सारा भार एका पायावर घेतलेली. त्या सावलीचा एक हात पुढे आला होता. दीपश्रीच्या पाठीच्या वीतभर अलीकडे तो थांबला होता. कधीपासून थांबला होता कोण जाणे.

त्या हातालाही खो द्यायचा होता. हे तिला दिसलं.

"अर्ज राहू दे तिथंच," ती म्हणाली.

सावलीचा हात हळूहळू खाली गेला.

"मास्तर... तुमचा पाय खेळतानाच गेला ना?"

"व्हय."

"हूल देताना?"

"व्हय."

ती वळली नाही. चौकोनात बसलेल्याने मागे वळून बघायचं नसतं, आणि आज तिला ते जमत होतं.

"मग तुम्हाला खो कुणी दिला?"

मास्तरांनी खाली वाकून डाव्या गुडघ्यावरून हात फिरवला.

"मी आधीच उठलो होतो," ते म्हणाले.