भाकरी रखमाची, गोळी गेनूची

रात्रभर एकच घोर: आमचे मामंजी गुडघ्याची गोळी नुसत्या चहावर घेतात. पोटात व्रण झाला म्हणजे? पण सरळ सांगावं तर सून सासऱ्यांना शिकवते म्हणायचे. मी पडले उच्चशिक्षित, सरळ मार्ग मला सुचतोच कुठे! संध्याकाळी मामंजी पलीकडच्या खोलीत पडले होते, तेव्हा भिंतीपार जाईल अशा आवाजात मी लेकीला, कावूला, गोष्ट सांगायला बसले.

कुठल्याशा गावात गेनू नावाचा भोळा गृहस्थ राहायचा. गुडघ्याने हैराण. डॉक्टरीणबाईंनी गोळी दिली. "रिकाम्या पोटी घेऊ नका, आत जखम होते. आधी भाकरी, मग गोळी."

"बरं," गेनू म्हणाला.

घरी बायको, रखमा, गुडघ्याला मलम लावायला बसली.

"थांब!" गेनूने आधी भाकरी खाल्ली, मग गुडघा पुढे केला.

"अहो, मलमाला कसली भाकरी? ते नुसतंच लावायचं."

"बरं."

दुसऱ्या दिवशी त्याने गोळीही नुसतीच घेतली. पोटात आगडोंब.

रखमा घाबरली. "तुम्हाला आराम पडावा म्हणून मी उद्या उपास धरते."

"उपाशी तू, आणि गुण मला?"

"हो तर!"

"बरं."

उपास सुटला. गेनूने आपल्या ताटातल्या भाकऱ्या रखमाच्या ताटात टाकल्या, आग्रहाने खायला लावल्या, आणि गोळी स्वतः गिळली. मग पोट धरून दवाखान्यात.

"भाकरी खाल्ली होती ना?" बाईंनी विचारलं.

"तर! रखमाने. चांगल्या दोन."

बाईंनी कपाळाला हात लावला. "दुखण्याची गोळी बंद. ही पोट जपायची गोळी. रोज सकाळी उपाशीपोटी. समजलं?"

"समजलं."

सकाळी गेनू रखमाला म्हणाला, "आ कर."

"मी? पोट तुमचं दुखतंय ना?"

"अगं, उपाशीपोटी घ्यायची आहे. आपल्या घरात उपास कोण करतं?"

गोष्ट संपली. मी भिंतीला कान लावला. पलीकडे बोध चांगलाच पोचला होता. घोरण्याचा आवाज येत होता.

कावू म्हणाली, "आई, सकाळी डोकं दुखतं म्हणून तू चहाबरोबर गोळी घेतलीस ना? तेव्हा तुझी भाकरी कोणी खाल्ली?"