राजांकडे पाठ करणारा डायोड

शेळवडीच्या राजांच्या मोटारीचा हॉर्न वाजायचा झकास, पण थांबला की घात करायचा. बटणावरचा अंगठा उचलला रे उचलला, की हॉर्नची वीज चालू-बंद करणाऱ्या रिलेतली तारेची गुंडाळी उलटा झटका मारायची आणि मोटार चालवणारी विजेची पेटी जळून जायची. महिन्यात अशा तीन पेट्या गेल्या.

गोंदाजी मिस्त्रीनं उपाय काढला. रिलेच्या दोन टोकांना एक डायोड जोडायचा. वीज एकाच दिशेनं सोडणारा हा पहारेकरी हॉर्न वाजताना बॅटरीची वीज अडवून उभा राहतो आणि नंतर झटका आला की तो रिलेतच फिरवून जिरवतो. गोंदाजीनं कागदावर चित्र काढून राजांपुढे धरलं आणि तिथंच माशी शिंकली. चित्रातल्या डायोडच्या बाणाचं टोक होतं पुढे बॅटरीकडे आणि पाठ मागे, राजांच्या गादीकडे.

शेळवडीत राजांना पाठ दाखवणं हा गुन्हा होता. दरबारातून माणसं उलट पावली बाहेर पडत आणि उंबऱ्याला अडखळून आपटत. देवडीवरचे पहारेकरीसुद्धा सिंहासनाकडे तोंड करून उभे राहत. अशा राजांना त्यांच्याच मोटारीत पाठ! डायोड फिरवायचा हुकूम सुटला. गोंदाजीनं तो फिरवला, बटण दाबलं आणि फ्यूज उडाला. दुसरा घातला, तोही उडाला. तरी राजे ऐकेनात. उद्या दुपारी व्याह्यांना आणायला मोटार निघेल, हॉर्न वाजेल, पेटी शाबूत राहील आणि डायोडचं तोंड आमच्याकडेच असेल, असं त्यांनी बजावलं. नाहीतर गोंदाजीनं बिऱ्हाड उचलून राज्याबाहेर चालतं व्हावं.

बिचारा गोंदाजी घरी येऊन डोक्याला हात लावून बसला. या गावात त्याच्या तीन पिढ्या गेल्या होत्या. त्याची मुलगी बयजा त्याच्याच हाताखाली वायरिंग शिकली होती. तिनं सगळं ऐकून घेतलं, उद्या दरबारात मी जाते म्हणाली आणि शेळीला पाला टाकायला गेली.

दुसऱ्या दिवशी दरबार भरला, तर सिंहासनापुढे बयजा उभी आणि तिच्या हातात शेळीची दोरी. व्याह्यांसाठी आणलेला झेंडूचा हार शेळीनं केव्हाच अर्धा संपवला होता.

"ही शेळी आत सोडली कुणी?" राजे कडाडले.

"कुणीच नाही, महाराज. आम्ही दोघी देवडीतून सरळ चालत आलो. पहारेकरी तुमच्याकडे तोंड करून उभे होते. त्यांच्या अदबीत काही कसूर नाही."

दरबारात खसखस पिकली. राजांनी देवडीकडे पाहिलं. दोघे भालाईत अजूनही त्यांच्याकडेच बघत होते आणि त्यांच्या पाठीमागून एक कुत्रं आत शिरत होतं.

"डायोडचंही तेच आहे, महाराज. बॅटरीची वीज पुढून येते. ती अडवायची तर त्याचं तोंड तिकडेच हवं. तुमच्याकडे वळवला, की तो तिला या शेळीसारखी आत सोडतो. मग फ्यूज उडेल नाहीतर काय?"

राजे ओशाळले, पण हट्ट सुटेना. बयजाच्या तळहातावरचा डायोड जेमतेम जवाएवढा होता. आमच्या मोटारीला असला चिमुरडा पहारेकरी शोभत नाही, मुठीएवढा आणा, असं त्यांनी फर्मावलं.

"झटका येतो तो रिलेच्या गुंडाळीतल्या विजेचाच," बयजा म्हणाली, "आणि ती असते एका बारक्या दिव्यापुरती. शेळी वळवायला हत्ती कशाला बांधायचा, महाराज?"

राजांनी मान डोलावली. डायोड राजांकडे पाठ करून बसला. खुद्द राजांनी वीस वेळा हॉर्न वाजवला. फ्यूज शाबूत, पेटीही शाबूत!

दरबारात परतल्यावर राजे पगडी घसरेपर्यंत हसले. देवडीवरच्या पहारेकऱ्यांना त्यांनी तिथल्या तिथे बाहेर तोंड करायला लावलं. गोंदाजीला मोटारखान्याची कायमची मिस्त्रीगिरी मिळाली आणि बयजाला साऱ्या शेळवडीत कुणाला नव्हता तो मान मिळाला, राजांना पाठ दाखवण्याचा. तिनं मुजरा केला, गर्रकन वळली आणि सरळ पावलांनी बाहेर पडली. तिच्या शेळीनं मात्र राजांकडे पाठ फिरवायला हुकमाची वाट पाहिली नव्हती.