बांगड्यांचं ताट

भागोजी नाच्या लुगडं नेसून बोर्डावर आला की अख्खी जत्रा जागची हलत नसे. सर्जेराव इनामदारांना हेच खुपायचं. एकदा भर तमाशात त्यांनी हिरव्या बांगड्यांचं ताट त्याच्यापुढे सरकवलं.

"लाज सोडलीसच, तर ह्याही भर!"

माणसं खिदळली. भागोजीनं एकेक बांगडी हातात चढवली, दोन्ही हात उंच करून त्या सगळ्यांना दाखवल्या आणि पदर सावरून इनामदारांना वाकून नमस्कार केला.

"लाज कसली? लुगड्यातच मी मला सापडतो. आणि चोळी-बांगडी करतो तो भाऊ. दादा, आता तुमच्या बहिणीला कुणी हसलं, तर तलवार तुम्हीच उपसायची!"

खिदळणारे हसू आवरून इनामदारांच्या कमरेच्या तलवारीकडे बघू लागले.