विहिरीच्या काठावर

“साताऱ्यात एकाच टेबलावरच्या सहाही जणांनी घेतलं?” मास्तरांनी विचारलं.

“सहाही जणांनी,” उन्मेष म्हणाला. “प्रत्येकाची स्वतःची प्रत.”

हे सांगताना त्याची छाती अशी फुगली होती की शर्टाच्या बटणांची काळजी वाटावी.

त्यानं लिहिलेलं ‘कोरड्या विहिरीचं राज्य’ हे साहसाचं पुस्तक हातोहात खपलं होतं. सोंगं घेऊन फाशांवर खेळायच्या खेळाची अशा पुस्तकात आखणी असते. टेबलाभोवती पाच-सहा जण बसतात. एक जण सूत्रधार, पुस्तक त्याच्याकडे. बाकीचे कुणी योद्धा होतात, कुणी चोर, आणि फासे टाकत पुढे जातात. पुढे काय वाढून ठेवलंय ते एकट्या सूत्रधाराला ठाऊक, म्हणून पुस्तकापुढे पुठ्ठ्याचा आडोसा उभा करायचा.

मिरजेत मास्तरांच्या टेबलावर असा आडोसा वर्षानुवर्षं उभा होता. त्यामागच्या खुर्चीत मास्तरांशिवाय कुणी बसलं नव्हतं.

उन्मेष याच टेबलावर शिकला. आज त्याला एकच हवं होतं. मास्तरांनी त्याला सूत्रधार म्हणावं.

तो आकडे सांगत राहिला. दुसरी आवृत्ती संपत आली होती. नियमांचं पुस्तक सगळेच घेतात, साहसाचं मात्र दर टेबलाला एकच खपतं, हे धंद्यातलं जुनं गणित त्यानं मोडून दाखवलं होतं. मास्तरांच्या स्वतःच्या पुस्तकाच्या शंभर प्रतीही गेल्या नव्हत्या. हे तो बोलला नाही, पण त्याचं न बोलणंही चांगलं ऐकू आलं.

आकडे संपल्यावर मास्तरांनी विचारलं,

“मग साताऱ्यात खेळ कसा झाला?”

“खेळ?”

“उतरले ना ते विहिरीत?”

उन्मेषच्या आत्ता ध्यानात आलं. तळाशी काय आहे ते सहाही जणांनी वाचलं होतं. आता उतरणार कोण, आणि कशासाठी...

त्याला स्वतःचाच राग आला. मग वड्याचं तेल वांग्यावर निघालं.

“तुम्हाला तरी आवडलं का, मास्तर? पहिली प्रत तुम्हालाच दिली होती.”

मास्तरांनी फडताळातून पुस्तक काढलं. वरचा कागद, दोरा, उन्मेषनं स्वतः मारलेली गाठ, सगळं जसंच्या तसं होतं.

“वाचलंच नाहीत.” त्याला फार लागलं होतं.

“नाही वाचलं.”

मास्तर उठले. त्यांनी त्याला दंडाला धरून आपल्या खुर्चीत बसवलं. पुस्तक त्याच्या पुढ्यात ठेवलं आणि आडोसा सरळ केला.

मग टेबलाला वळसा घालून ते समोरच्या स्टुलावर बसले. तिथं त्यांना कधी कुणी पाहिलं नव्हतं. तळहातावर फासे खुळखुळत होते. चेहऱ्यावर अभिमान होता, आणि तो लपवायचा त्यांनी प्रयत्नही केला नाही.

आडोशामागे उन्मेषच्या बोटांना दोऱ्याची गाठ सुटेना...

मास्तर थांबले. कागद उलगडल्याचा आवाज आला, तेव्हा म्हणाले,

“मी विहिरीच्या काठावर उभा आहे. खाली काय दिसतंय, सूत्रधार?”