बावीसातले पाच

"मग, आता बसला विश्वास?" केशवबुवांनी विचारलं.

सुहृदला ती शाबासकी वाटली. त्याला बहुतेक सगळंच शाबासकी वाटायचं.

सड्यावरच्या, म्हणजे उघड्या कातळपठारावरच्या, देवळामागे पावसाळ्यापुरतं एक डबकं भरतं. बेडूक त्यात अंडी घालतात. बुवांनी गावातल्या दोघींना, वैजू गोताडला आणि ताराबाईला, काठावर बसून अंड्यांचे पुंजके मोजायला शिकवलं. सहा पावसाळे दोघी शेजारी बसून मोजत होत्या, एकाच वहीत लिहीत होत्या.

शहरातून आलेला सुहृद ते आकडे गोळा करायचा आणि बुवांजवळ शिकायचाही. पण त्याच्या मनात पाल चुकचुकत होती. या बायका घरी चुलीपाशी बसून आकडे ठोकून देत असतील तर?

म्हणून त्याने परीक्षा घेतली. भर दुपारी, कुणी नसताना, बावीसातले पाच पुंजके अलगद बादलीत घेतले आणि लांबच्या डबक्यात नेऊन सोडले. दुसऱ्या दिवशी वहीत आकडा आला, सतरा. आठवड्याने तो बुवांकडे आला आणि सगळी हकिकत सांगून मोकळा झाला.

"एकाचाही फरक नाही, बुवा. बायका खऱ्या निघाल्या. आता बिनघोर अहवाल पाठवतो."

बुवा उठले आणि त्याला देवळामागे घेऊन गेले.

या काठाला वैजू बसली होती. पलीकडच्या काठाला ताराबाई. दोघींच्या मांडीवर वेगवेगळी वही, आणि एकीची नजर दुसरीकडे जात नव्हती.

"दोघी वेगळ्या मोजतायत? हे तर आणखी चांगलं," सुहृद म्हणाला. खरंच म्हणाला. शिकलेल्या माणसाला कधीकधी समोरचं दिसत नाही, त्याला कोण काय करणार?

मग बुवांनी हळू आवाजात सांगितलं. पाच पुंजके कमी भरले तेव्हा वैजूने ताराबाईच्या बदकांवर अंडी खाल्ल्याचा आळ घेतला. ताराबाईने देवासमोर शपथ घेतली, वैजू ऐकेना. शेवटी ताराबाईने पोसलेली आठही बदकं विकून टाकली. तरी वैजू बोलत नाही. घरं भिंतीला भिंत लागून, आणि विहिरीवर आता दोघी एकमेकींची वेळ चुकवून जातात.

सुहृदचं तोंड उतरलं.

"तुम्हाला ठाऊक होतं, मीच नेले ते?"

"आत्ता तूच सांगितलंस."

...

"सांगतो त्यांना," तो म्हणाला. दोन पावलं गेला आणि थांबला. त्याला मनापासून लाज वाटत होती, पण लाजेपेक्षा भीती मोठी होती.

"पण बुवा... मीच नेले म्हटलं, तर यापुढे माझ्यावर विश्वास कोण ठेवणार?"

बुवांनी पलीकडच्या काठाकडे बोट दाखवलं.

...

"ताराबाई परवा हेच विचारून गेली."